सकाळी उठवत नसेल तर संध्याकाळी चाला: नैराश्य, मेंदू आणि व्यायाम

मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे मिस्टर ५२ वर्षांचे, नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करायची. चार महिन्यांपासून नैराश्याची गोळी चालू आहे. झोप सुधारली, रडू यायचं थांबलं, पण कशातच उत्साह नाही. डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितलं. तेव्हापासून घरचे त्यांना पहाटे साडेपाचला उठवायला जातात, ते उठत नाहीत आणि रोज त्यावरून घरात वाद होतो. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत. व्यायामाने मन खरंच सुधारतं का, की डॉक्टर आपलं सांगायचं म्हणून सांगतात? व्यायाम जमायला लागला की गोळी बंद करता येईल का? आणि ७४ वर्षांच्या सासूबाई हल्ली विसरायला लागल्या आहेत, त्यांनाही चालण्याचा उपयोग होईल का?

ताई, मी इथे नागपुरातच मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं देतेच, पण त्याआधी पहाटेच्या वादाबद्दल बोलू या. तुम्ही तो ओघात लिहून गेलात, पण माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे.

नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट जाते. तीन-चारला जाग येते, मग डोळा लागत नाही. अंग जड होतं आणि डोक्यात नको नको ते विचार येतात. दिवस वर चढतो तसं मन थोडं हलकं होत जातं, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी हाच माणूस दोन वाक्यं आपणहून बोलतो. हे आजाराचंच लक्षण आहे. आम्ही तपासताना मुद्दाम विचारतो, "सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी?" आणि आपल्याकडे व्यायाम म्हटला की पहाटच! फुटाळ्यावर, अंबाझरीला, सेमिनरी हिल्सच्या चढावर पाच वाजता जी मंडळी दिसतात, तसं आपल्या माणसानेही करावं असं घरच्यांना वाटतं. म्हणजे सगळ्यात अवघड काम आपण त्याच्याकडून सगळ्यात वाईट वेळेला मागतो. ते जमलं नाही की त्याच्या मनात आधीच असलेल्या अपराधीपणात आणखी एकाची भर पडते: मला साधं उठताही येत नाही. माझ्यासमोर बसून किती पेशंट हेच बोलतात. "मॅडम, मला समजून राहिलं की चालायला पाहिजे, पण पायच नाही उचलून राहिले." यात ढोंग नसतं. सुरुवात करण्याची ताकद हा आजार आधी काढून घेतो, आणि व्यायामाला नेमकी तीच लागते.

म्हणून पहाटे उठवणं आजपासून बंद करा. वेळ ठरवा संध्याकाळची, ते ऑफिसमधून आल्याबरोबरची. एकदा कपडे बदलून दिवाणावर आडवे झाले, टीव्ही लागला, की मग उठणं होत नाही. त्यामुळे बूट दाराजवळच ठेवा. चहा हातात द्या, तो संपला की बूट घाला आणि निघा. पहिल्या आठवड्यात लेआउटच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एकूण दहा मिनिटं. एखाद्या दिवशी बरं वाटलं तरी वाढवायचं नाही, कारण त्या दिवशी अर्धा तास चालले तर दुसऱ्या दिवशी त्यांना तेवढाच अर्धा तास डोंगराएवढा वाटेल. तुम्ही सोबत जा, किंवा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना पाठवा. वाटेत आजाराचा विषय नको, "बघा, किती छान वाटतं ना" हेही नको. छान वाटत नसेल तर त्यांना खोटं बोलावं लागतं. भाजी घ्यायची असेल तर तीच वाट धरा. मोबाइलवर स्टेप्स मोजणं महिनाभर तरी लांब ठेवा. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, मग वीस, असं करत दीड-दोन महिन्यांत अर्ध्या तासावर या.

वेगाची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मोबाइल किंवा घड्याळ नाडीचे आकडे दाखवतं, त्यावर फार जाऊ नका. धडधडीसाठी किंवा बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी चढत नाही, आणि माणूस आकडा गाठायच्या नादात दमून जातो.

"मन लागलं की करीन" असं मिस्टर म्हणत असतील. यात क्रम उलटा करावा लागतो. मन लागलेलं नसतानाच कृती करायची आणि मनाला मागून येऊ द्यायचं. नैराश्याच्या मानसोपचारातली ही एक सिद्ध पद्धत आहे आणि चालणं हा तिचा सगळ्यात स्वस्त प्रकार. पहिले दोन आठवडे काहीही फरक वाटणार नाही. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बूट कपाटात जाणार नाहीत.

आता पहिला प्रश्न. हो, खरंच उपयोग होतो, आणि हे आम्ही नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी दिली, दुसऱ्याला देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. गोळी घेणाऱ्यांना सुरुवातीला लवकर बरं वाटलं, व्यायामवाल्यांना उशिरा. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा २१८ अभ्यासांचा, १४ हजारांहून जास्त लोकांचा एकत्रित आढावा आला. चालणं-धावणं, योग आणि वजन उचलण्याचे व्यायाम या तिन्हींनी नैराश्य कमी झालेलं दिसलं, आणि थोडा दम लागेल अशा व्यायामाचा परिणाम जास्त होता. अशा अभ्यासांची एक अडचण मी लपवणार नाही. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, पण आपण चालतो आहोत की नाही हे चालणाऱ्यापासून लपवता येत नाही. त्यामुळे आकडे थोडे फुगलेले असू शकतात. तेवढं वजा करूनही जे उरतं त्यावर माझा विश्वास आहे, कारण तेच मला रोज ओपीडीत दिसतं.

तुमच्यासारख्या घरासाठी मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०२२ चा एक आढावा. सुमारे १ लाख ९१ हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला जेवढा व्यायाम करा म्हणून सांगतात त्याच्या निम्माच करणाऱ्यांनाही, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, नैराश्य येण्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी होता. पूर्ण करणाऱ्यांत तो २५ टक्क्यांनी कमी. म्हणजे बराचसा फायदा पहिल्या निम्म्यातच पदरात पडतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो आकडा ऐकून घाबरू नका. शून्यातून ७५ मिनिटांवर येणं ही मोठी उडी आहे, आणि दिवसाला दहा-बारा मिनिटांत ती होते.

शरीरात होतं काय, हे मिस्टरांना मुद्दाम सांगा. कारण कळलं की गोष्ट पटते. सगळ्यांच्या तोंडी एंडॉर्फिनचं, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्याचं, नाव असतं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन पळायला लावलं, तरी पळून झाल्यावर त्यांना तितकंच छान वाटलं. त्या वेळी रक्तात वाढली होती ती एंडोकॅनाबिनॉइड्स नावाची, शरीरच बनवत असलेली द्रव्यं, आणि ती मेंदूत सहज जातात. पण हे झालं तासाभराचं बरं वाटणं. नैराश्याच्या माणसाला टिकणारं काहीतरी हवं असतं, आणि तिथे दुसऱ्याच गोष्टी कामाला येतात.

कानाच्या पातळीवर, डोक्यात आत खोल, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. नव्या आठवणी साठवणं आणि ताणाला आवर घालणं ही त्याची कामं. दीर्घकाळ ताण राहिला, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहिलं, की त्याला झळ बसते. बऱ्याच काळ नैराश्य असलेल्यांत तो सरासरीने लहान आढळतो. व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. पेशी टिकवणं, त्यांच्यात नवे दुवे तयार होऊ देणं हे त्याचं काम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायला लावलं. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्या दुसऱ्या गटात तो वयाप्रमाणे थोडा आक्रसला. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात इतकी वाढ दिसलेली नाही. पण या वयात मेंदूची झीज थोपवता येते, एवढीच शक्यता मला फार मोठी वाटते.

आणि एक काम चक्क पायाचे स्नायू करतात. ताणाच्या काळात शरीरात कायन्युरेनिन नावाचं द्रव्य वाढतं. ते मेंदूत शिरतं आणि नैराश्याशी त्याचा संबंध दिसतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की व्यायाम केलेला स्नायू या द्रव्याचं अशा रूपात रूपांतर करतो जे मेंदूत जाऊ शकत नाही. पोटऱ्या आणि मांड्या रक्त साफ करून वर पाठवतात, असं मी पेशंटला सांगते, आणि पायाकडे बघून हसणारा पेशंट मला आवडतो. याशिवाय बीपी, शुगर आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या सुधारतात, झोप गाढ होते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास, पण ऊर्जा तो साधारण २० टक्के खातो. त्यामुळे रक्तपुरवठा सुधारला की फायदा त्याला मिळतोच.

आता गोळीचं. नाही, ती आत्ता बंद करायची नाही. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या माणसालाही पूर्ण बरं वाटल्यावर निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि नंतर ते हळूहळू कमी करतात. एकदम सोडलं तर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं वाटणं, चिडचिड असा त्रास होतो, आजार उलटतो तो वेगळा. ड्यूकच्या अभ्यासातले लोक डॉक्टरांच्या नजरेखाली होते आणि आठवड्यातून तीनदा ठरल्या वेळी येऊ शकत होते. ज्याला जेवणही जात नाही, जो आंघोळीला उठत नाही, त्याला गोळीऐवजी चालायला सांगणं हा अन्याय आहे. आणि मिस्टरांच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा, "मी नसलो तर बरं" अशी भाषा आली, तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. ही सरकारी सेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीतही आहे.

चार महिन्यांनंतरही उत्साह आलेला नाही, याचं खापर व्यायाम न करण्यावर फोडू नका. डोस कमी असू शकतो, थायरॉइड बिघडलेलं असू शकतं. आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी दुःख कमी होतं तसा आनंदही बोथट होतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा: "रडू थांबलं, पण आवड परत आली नाही." या एका वाक्यावरून उपचार बदलू शकतो.

नागपुरात राहणाऱ्याला ऊन आणि औषधं यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) तर नक्कीच, संध्याकाळी सहाला बाहेर चालणं शक्य नसतं. पारा ४५ च्या वर जातो आणि आपले सिमेंटचे रोड रात्री आठ-नऊपर्यंत वाफा सोडत राहतात. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या आणि स्किझोफ्रेनियासाठीची काही औषधं घाम कमी करतात. अशा माणसाचं अंग तापतं आणि त्याला ते कळतही नाही. सगळ्यात जास्त जपायचं ते लिथियम (बायपोलर आजारात मन स्थिर ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी. घाम गेला, पाणी कमी पडलं, की लिथियम शरीराबाहेर नीट टाकलं जात नाही आणि रक्तात साचतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा. लिथियमवाल्यांनी उन्हाळ्यात मीठ एकदम तोडायचं नाही, आणि उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

यातच आणखी एक गोष्ट येते. चालून गुडघा दुखला की आपण कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो. या गोळ्यांनी लिथियम आणखी चढतं. आणि नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत त्या घेतल्या तर पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. मिस्टरांचा गुडघा दुखला तर दोन दिवस विश्रांती, बर्फाचा शेक, आणि गोळी डॉक्टरांना विचारून.

मग उन्हाळ्यात काय करायचं? घरात, खिडकी उघडी ठेवून कूलरसमोर जागच्या जागी चालणं. भिंतीला हात लावून जोर, खुर्चीवरून ऊठ-बस. सावलीतला जिना असेल तर चार चढ-उतार. तोपर्यंत मिस्टरांची सकाळ थोडी सुधारली असेल, तर त्याच दिवसांत चालण्याची वेळ हळूहळू पहाटेकडे नेता येते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडणं शरीराच्या घड्याळाला फार चांगलं, झोपेची वेळ त्याने जागेवर येते. माझा विरोध पहाटेला नाही, आजाराच्या ऐन भरात पहाटेची सक्ती करण्याला आहे. गल्लीतल्या कुत्र्यांमुळे अंधारात निघायची भीती वाटत असेल तर उजाडल्यावर निघा, वीस मिनिटांनी काही बिघडत नाही.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा. बागेतल्या ग्रीन जिमची उपकरणं चालतील, पाण्याच्या भरलेल्या बाटल्याही चालतील. योग आवडत असेल तर योग करा. कुठला व्यायाम श्रेष्ठ यावर घरात चर्चा नको. जो परवा पुन्हा होईल तो चांगला.

सोबत मात्र सोडू नका. एकट्याने ट्रेडमिलवर चालण्यापेक्षा ओळखीच्या दोन माणसांबरोबर रेशीमबागच्या मैदानावर फेऱ्या मारलेल्या मला जास्त आवडतील. नैराश्यात माणसाचं बोलणं आधी तुटतं, आणि समोरासमोर बसून न बोलणारे पुरुष शेजारी चालताना बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. फेऱ्या झाल्यावर मंडळी तर्री पोहे खायला थांबली तर त्यांना थांबू द्या. शुगर असेल तर अर्धी प्लेट. वजनाचं नंतर बघू. आज ते चार माणसांत उभे राहून खातात, हे माझ्या दृष्टीने उपचाराचाच भाग आहे. आणि ताई, त्यांच्यासोबत चालताना तुमचंही चालणं होतं. आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांतही नैराश्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून हे फक्त त्यांच्यासाठीचं समजू नका.

सासूबाईंच्या बाबतीत क्रम वेगळा. आधी तपासणी, मग व्यायाम. या वयात विसरणं म्हणजे डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंशच), असं धरून चालू नका. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, कमी ऐकू येत असलं किंवा झोपेची गोळी चालू असली तरी माणूस विसरतो. म्हाताऱ्या माणसांचं नैराश्य तर कित्येकदा विसराळूपणाच्या रूपातच समोर येतं. शाकाहारी घरात बी-१२ बघायलाच हवं, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर नक्कीच. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात.

डिमेन्शिया टाळण्यात व्यायामाचा वाटा आहे. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत हालचाल नसणं आहे आणि बीपी, शुगर, कमी ऐकू येणं, नैराश्यही आहे. हे सगळे धोके आयुष्यभर आवरले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब. पण आजार सुरू झालेला असेल तर चालण्याने गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही, ही आशा मी तुम्हाला देणार नाही. हातपाय चालते राहतात, तोल सुधारतो, बऱ्याच जणांची झोप लागते आणि स्वतःचं स्वतः करणं जास्त दिवस टिकतं. घर सांभाळणाऱ्याला याची किंमत कळते.

त्यांच्यासाठी सुरुवात अशी करा. हाताच्या खुर्चीवरून आठ-दहा वेळा ऊठ-बस, सकाळी आणि संध्याकाळी, जमेल तसा हाताचा आधार कमी करत. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं आणि मग एका पायावर दहा आकडे उभं राहणं, तुम्ही शेजारी असताना. चपलेऐवजी मागून बंद असलेले बूट. भजन आवडत असेल तर उभं राहून टाळ्या आणि पावलं. ताल, शब्द आणि तोल यांची एकदम कसरत मेंदूला चांगली. सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून त्यांचं बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा मोजून घ्या. उभं राहिल्यावर फार खाली येत असेल तर आधी बीपीच्या गोळ्यांचं बघावं लागेल, आणि तोवर ऊठ-बस करताना एक हात खुर्चीवर राहू द्या.